बेघर निवाऱ्यात राहणाऱ्याचे हक्क: 'रविवारपर्यंत जागा सोडा' म्हटल्यावर काय करायचे

प्रश्न असा होता: सांगली भागातल्या एका बेघर निवारा केंद्रात आमचे काका (वय ६४, पूर्वी मार्केट यार्डात हमाली करायचे) दोन महिन्यांपासून राहतात. महिना झाला की जागा सोडावी लागते, असे काळजीवाहकाने तोंडी सांगून रविवारपर्यंतची मुदत दिली आहे. मूळ आधार कार्ड त्याने ठेवून घेतले आहे आणि दिवसाला ५० रुपये मागतो. काकांना काही हक्क आहेत का? शिवाय मावशीचे घर कृष्णाकाठी आहे. पुरात त्यांना शाळेत ठेवतात आणि पाणी उतरले की लगेच 'वर्ग भरवायचेत, निघा' म्हणतात. तिथे काय मागता येते?

उत्तर:

रविवारच्या आत करायचे काम आधी सांगतो. एका कागदावर अर्ज लिहा. महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावे, सातारा किंवा कराडसारखी नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. मजकूर पाऊण पानापेक्षा मोठा नको. काकांचे नाव, वय, निवाऱ्यात दाखल झाल्याची तारीख, तिथल्या नोंदवहीतला क्रमांक, आणि कोणी, कधी, काय सांगितले ते. त्याखाली तीन मागण्या: जागा सोडायला सांगणारा आदेश कारणासह आणि ज्या नियमाखाली काढला त्या नियमासह लेखी द्यावा, तो मिळून आमचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत बाहेर काढू नये, मूळ आधार कार्ड लगेच परत करावे. दोन प्रती काढा. एक आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. 'साहेब आल्यावर बघू, ठेवून जा' म्हणाले तर ठेवून येऊ नका. पोच देतच नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोच घेतलेल्या प्रतीची झेरॉक्स निवाऱ्याच्या व्यवस्थापकाच्या हातात द्या.

अशी निम्मीअधिक प्रकरणे या एका कागदावर थांबतात. तोंडी हुकमाला कोणीच जबाबदार नसते. लेखी विचारले की कोणाला तरी नियम शोधावा लागतो, आणि 'महिना झाला की बाहेर' असा नियम सहसा सापडत नाही, कारण तो त्या केंद्रापुरता कोणीतरी सोयीने बनवलेला असतो.

आता हा हक्क येतो कुठून ते पाहू. निवाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. १९८५ चा ओल्गा टेलिस खटला मुंबईच्या फुटपाथवासीयांचा होता. त्यात न्यायालयाने उपजीविका जगण्याच्या हक्काशी जोडली. १९९६ च्या चमेली सिंग खटल्यात निवारा म्हणजे डोक्यावर नुसते छप्पर नव्हे. पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी, स्वच्छता हे सगळे त्यात येते, असे म्हटले. २०१० नंतर अन्नाच्या हक्काच्या याचिकेतून बेघरांबद्दलचे आदेश निघाले आणि शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हे माप ठरले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी बेघरांच्या निवारा योजनेत तेच माप घेतले. तरीही कामे रखडली, पैसा पडून राहिला, म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली.

हे माप आपल्याकडे लावून पाहा. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या वर होती. म्हणजे किमान पाच निवारे हवेत. 'जागा भरली आहे' हे उत्तर ऐकले की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: बाकीचे कुठे आहेत? योजनेची नावे आणि निधीचे शीर्ष बदलत राहतात, कलम २१ बदलत नाही. त्यामुळे 'ती योजना आता बंद झाली' या उत्तरावर अर्ज मागे घेऊ नका.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चुकीचा दावा केला की बरोबर मुद्दाही वाया जातो. काका निवाऱ्यात भाडेकरू नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना मिळत नाही आणि 'हीच खाट माझी' असा ताबा सांगता येत नाही. मारामारी, चोरी, आत दारू किंवा नशा, बायकांना त्रास या कारणांवरून केंद्र एखाद्याला काढू शकते, आणि ते योग्यही आहे. पण महापालिका ही संविधानाच्या अर्थाने 'राज्य' आहे, आणि तिच्या वतीने निवारा चालवणारी संस्था तिचेच काम करते. तेव्हा कारण सांगणे, बाजू ऐकणे, आणि काढायचे असेल तर पर्यायी जागा दाखवणे एवढे तरी तिला करावेच लागते. तुमचा दावा एवढाच ठेवा: मनमानी नको. तो टिकतो.

पैशांचे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत राहणाऱ्यांकडून थोडे शुल्क घ्यायला मुभा आहे, पण ते त्याच्या उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतकेच असायला हवे. काकांना हमालीतून महिन्याला ६,००० रुपये मिळत असतील तर ही रक्कम महिन्याला ३०० ते ६०० रुपये होते. दिवसाला ५० म्हणजे महिन्याला १,५००, चौथा हिस्सा. आता काम होत नाही, उत्पन्न नाही, तर शून्याचा दहावा हिस्सा शून्यच. पैसे दिलेच असतील तर पावती मागा. पावती नसलेले पैसे बहुधा महापालिकेच्या हिशोबात नसतात, आणि म्हणूनच पावतीचे नाव काढले की मागणी बऱ्याचदा मागे पडते. याच योजनेत ५० जणांच्या निवाऱ्यासाठी चालवण्याचा खर्च म्हणून वर्षाला ६ लाख रुपये धरलेले होते, हेही लक्षात असू द्या. दिवा, पाणी, सफाई, पगार यांसाठीच तो पैसा आहे.

सुविधांबद्दल तक्रार करायची असेल तर फार सुविचार न लिहिता मोजमाप लिहा. माणशी ५० चौरस फूट जागा हवी. ४० फूट बाय ३० फुटांचा हॉल असेल तर १,२०० चौरस फूट, म्हणजे २४ माणसे. तिथे ४५ झोपत असतील तर आकडाच बोलतो. पिण्याचे पाणी, संडास-न्हाणीघर, उजेड, आगीपासून बचावाची सोय, प्रथमोपचार पेटी, डास-ढेकणांचा बंदोबस्त, धुतलेली अंथरुणे-पांघरुणे, स्वयंपाकाची जागा आणि गॅस, सामान ठेवायला कुलपाचा कप्पा हे सगळे सूचनांत आहे. एक व्यवस्थापक आणि पाळ्यांमध्ये किमान तीन काळजीवाहक असायला हवेत. एकच माणूस दिवसरात्र असेल तर तो रात्री दार लावून झोपतो आणि अकरानंतर येणाऱ्याला दार उघडत नाही. ही तक्रार सगळीकडून येते. मिरज जंक्शनला रात्री उशिराच्या गाडीने उतरणारा मजूर अशा वेळी फलाटावरच झोपतो. चोवीस तास उघडा निवारा म्हणजे रात्री दोनलाही उघडा.

कुलपाच्या कप्प्याला लोक किरकोळ समजतात, पण बेघर माणसाचे अर्धे प्रश्न तिथून सुरू होतात. झोपेत पिशवी गेली की आधार, रेशन कार्ड, औषधाची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक सगळे एकदम जाते. पुढचे सहा महिने तो माणूस ते परत मिळवण्यात घालवतो.

आधार कार्डाकडे येतो. काळजीवाहकाला मूळ कार्ड ठेवून घ्यायचा कसलाही अधिकार नाही. नोंदीसाठी पाहून क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा छायाप्रत पुरते. परत देत नसेल तर अर्जात तारीख टाकून लिहा, आणि तोवर काकांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येत असेल तर ई-आधार उतरवून छापून घ्या. ते मूळ कार्डाइतकेच वैध आहे. मोबाइल जोडलेला नसेल तर आधार केंद्रात बोटाचा ठसा देऊन काम होते. हमाली केलेल्यांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवायला सांगा.

उलट गोष्टही घडते: आधार नाही म्हणून निवाऱ्यात घेतच नाहीत. हे चालत नाही. ही योजना बेघरांसाठी आहे, कागदवाल्यांसाठी नाही. ज्याला घर नाही त्याच्याकडे घराचा पुरावा मागण्यात काही अर्थ नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच, ज्याला आधार मिळालेले नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा असे आहे. नवे आधार काढायचे असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात फोटोसह दिलेला दाखला पत्त्यासाठी चालतो. इथे फसगत कुठे होते? दाखला केंद्राच्या साध्या पत्रावर आपल्या भाषेत लिहून देतात, फोटोवर सही-शिक्का आडवा मारत नाहीत, किंवा दाखला तीन महिन्यांहून जुना होतो. मग आधार केंद्र परत पाठवते. नमुना छापून घेऊनच व्यवस्थापकाकडे जा.

रेशनसाठी काकांना नवे कार्ड काढायची गरज कदाचित नसेल. त्यांचे नाव गावाकडच्या, मुलाच्या कार्डावर असेल आणि आधार जोडलेले, ई-केवायसी झालेले असेल तर 'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेत सांगलीतल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून ते स्वतःच्या वाट्याचे धान्य उचलू शकतात. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. घरच्यांशी बोलणे तुटले असेल तर स्वतंत्र, एका माणसाचे कार्डही निघते. वेगळे राहत असल्याचे स्वयंघोषणापत्र आणि निवाऱ्याचा दाखला जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. उत्पन्न नसलेला ६० वर्षांवरचा माणूस अंत्योदयच्या निकषात बसतो, तिथे कार्डामागे ३५ किलो. हा मुद्दा अर्जात स्पष्ट शब्दांत लिहिला नाही तर कोणी आपणहून बघत नाही.

मतदार यादीत नाव घालायला नमुना ६ भरायचा. बेघरासाठी पत्त्याचा कागद लागत नाही; मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का हे एकापेक्षा जास्त वेळा पाहतो, एवढेच. म्हणून अर्जात जागा नेमकी लिहा.

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज होतो. यात खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची नसते, महाराष्ट्रात १५ वर्षे रहिवास दाखवण्याची असते. काकांचे जुने रेशन कार्ड, शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीतले नाव, यार्डातले ओळखपत्र यांतले काहीही शोधा. आणि यार्डावरून आठवले: काका हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडतीत हमाली करत होते, तर त्यांची माथाडी मंडळात नोंद होती का ते विचारा. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंद असलेल्या हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मंडळाकडे जमा होते. टोळीतल्या मुकादमाला नोंदणी क्रमांक माहीत असतो. निवाऱ्यात येऊन पडलेल्या माणसाचे स्वतःचे हक्काचे पैसे मंडळात पडून असणे शक्य आहे, आणि ते मागायला कोणी सांगत नाही.

मुलांबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण काका ६० च्या पुढचे आहेत म्हणून २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा सांगून ठेवतो. प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाह न्यायाधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्त्याचा आदेश होऊ शकतो. काकांना जमत नसेल तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करते. मुलांना नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल लागायला हवा. त्यांनी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केले असेल आणि ते सांभाळायच्या अटीवर केले असेल, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. अट दस्तात लिहिलेली असेल तर काम सोपे. नसेल तर ती होती हे दाखवावे लागते, आणि तिथेच बरीच प्रकरणे अडतात. म्हणून दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाकडून आधी काढा, मग बोला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. रस्त्यावर टाकून दिलेल्या वृद्धाला हलवायलाही ती मदत करते.

पोलिसांचे थोडक्यात, पण जपून. निवारा आणि भिक्षेकरी गृह या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. निवाऱ्यात माणूस आपल्या मर्जीने येतो, मर्जीने जातो. त्याला कोंडून ठेवता येत नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा मात्र महाराष्ट्रात लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची मुख्य कलमे रद्द केली, पण दिल्लीपुरती. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसणे आणि सार्वजनिक जागी भटकणे हेही त्या कायद्याच्या व्याख्येत 'भीक मागणे' ठरू शकते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबण्याचा आदेश होऊ शकतो. त्यामुळे एसटी स्टँड, देवळाचा परिसर, स्टेशन इथे धरपकड निघाली की निवाऱ्यात राहणारे, दिवसा काम शोधत फिरणारे लोकही गाडीत भरले जातात. खिशात निवाऱ्याच्या लेटरहेडवर राहत असल्याचा दाखला ठेवा. कामाचे पैसे मिळाल्याची चिठ्ठी असेल तर तीही. धरलेच तर चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावे लागते, आणि तिथे विधी सेवेचा वकील मागता येतो. साक्षीसाठी पोलीस काकांना ठाण्यात बोलावत असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ दाखवा: ६० वर्षांवरील पुरुष, स्त्रिया आणि अपंग व्यक्तींची साक्ष ते राहतात तिथेच येऊन घ्यायची असते. काका राहतात तो निवारा.

मानसिक आजार असलेला माणूस निवाऱ्यात आला तर 'वेडा आहे, नको' म्हणून रस्त्यावर सोडणे हा सर्रास होणारा अन्याय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० सांगते की असा भटकणारा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. कलम १८ नुसार बेघर किंवा निराधार माणसाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत आहेत, त्यासाठी पिवळे कार्ड लागत नाही. शारीरिक आजारासाठी मोठ्या धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत राखून ठेवाव्या लागतात. मिरजेत अशी रुग्णालये आहेत. भरती होतानाच समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिल हातात आल्यावर नव्हे.

स्त्री असेल आणि घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडली असेल तर पुरुषांसोबतच्या निवाऱ्यापेक्षा १८१ वर फोन करून सखी केंद्राकडे जाणे बरे. तिथे काही दिवसांचा तात्पुरता आसरा, पोलीस, वकील आणि दवाखाना एकाच जागी मिळतात. सोबत मूल असेल तर केवळ बेघर आहे म्हणून त्याला आईपासून तोडता येत नाही. एकटे मूल सापडले तर मात्र १०९८, आणि २४ तासांत बालकल्याण समिती. शाळा जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीच्या प्रवेशाला नाही म्हणू शकत नाही.

पहिल्या अर्जाचे काही झाले नाही तर पुढे काय? माहितीचा अधिकार वापरा, पण नेमका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. लांबलचक कैफियत लिहिली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, फी लागत नाही. मागायचे ते एवढेच: निवारा चालवण्याचा संस्थेशी झालेला करारनामा, गेल्या वर्षी दिलेल्या बिलांच्या प्रती, आणि राहण्याच्या मुदतीबाबतचा कोणताही लेखी आदेश. करारनामा हाती आला की संस्थेने काय द्यायचे कबूल केले आहे ते दिसते, आणि पुढची तक्रार त्याच कलमांवर बेतता येते. उत्तराला ३० दिवस असतात. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास, ते कारण अर्जाच्या सुरुवातीलाच लिहावे लागते.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, साताऱ्यात तिथल्या जिल्हा न्यायालयात; तालुक्यालाही समिती असते, फोन १५१००. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे, तिथे शपथपत्र चालते. आणि आता एक मोठी सोय झाली आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. रिट याचिकेसाठी मुंबईला खेपा घालायच्या म्हणून जे लोक आधीच हात टेकायचे, त्यांना आता कोल्हापूरची एसटी पुरते.

आता मावशीचे. पूरछावणी हा वेगळा कायदा आहे आणि तिथला हक्क एका अर्थाने जास्त नेमका आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ मध्ये छावणीतल्या निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छतेचे किमान दर्जे ठरवायला सांगितले आहे, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये ते आकड्यांत दिले. माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. प्यायला दिवसाला माणशी किमान ३ लिटर पाणी, आंघोळ-संडासासाठी १५ लिटर. ३० माणसांमागे एक संडास, छावणीपासून ५० मीटरच्या आत, बायकांसाठी वेगळी सोय. मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी मिळतील एवढे अन्न, मुलांना १,७००. शाळेचा २५ बाय २० फुटांचा वर्ग म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. त्यात १३ माणसे. २००५, २०१९, २०२१ या पुरांत एकेका वर्गात किती कुटुंबे दाटीवाटीने राहिली हे कृष्णाकाठच्या कोणालाही विचारा. पूर चढत असताना कोणी टेप घेऊन मोजणार नाही, हे मान्य. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तहसीलदारांकडे आणखी एक इमारत मागताना हे आकडे उपयोगी पडतात. संडासांचे प्रमाण तर पहिल्याच दिवशी मागा, कारण शाळेतले चार संडास तीनशे माणसांना पुरत नाहीत आणि पाण्यापेक्षा रोगराई आधी तिथून सुरू होते.

छावणीत जातीवरून वेगळी पंगत, वेगळा वर्ग, पाण्याला हात लावू न देणे असले प्रकार कोणी केले तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. छावणी सरकारी आहे, गावकीची नाही.

किती दिवस राहता येईल, याचा आकडा कायद्यात नाही. म्हणून 'शाळा भरवायची आहे' हे कारण ऐकूनच घ्यावे लागते, मुलांचेही नुकसान होत असते. पण त्यावर मागणी अशी करा: घर राहण्याजोगे आहे का याची पाहणी झाल्याशिवाय हलवू नये, आणि नसेल तर समाजमंदिर, मंगल कार्यालय अशी पुढची जागा दाखवावी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, इशारा पातळी ४० फूट. पाणी इशारा पातळीखाली गेले म्हणजे मातीच्या भिंती वाळल्या असे नाही. पाण्यात चार दिवस उभे राहिलेले मातीचे घर पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळते. साताऱ्यात पाटणच्या डोंगराकडच्या वस्त्यांचा धोका आणखी वेगळा आहे: २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी माणसे गेली. तिथे पाऊस थांबला म्हणून परत पाठवणे कितपत योग्य हे भूवैज्ञानिक पाहणीनेच ठरायला हवे, आणि तशी पाहणी लेखी मागावी.

सगळ्यात जास्त नुकसान पंचनाम्यात होते. लोक छावणीत असतात आणि तलाठी घराशी जाऊन कुलूप बघून परततो. मग यादीत नावच येत नाही. छावणीत दाखल होतानाच नोंदवहीत कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव आणि घर क्रमांक लिहिला जातो का ते पाहा, तीच पुढे पुराव्याला येते. पंचनाम्याच्या दिवशी घरातला एक माणूस घरी हवाच. चिखल काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी किंवा झाडू उभा करून, म्हणजे उंची कळते. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात होते हे पंचनाम्यात लिहून घ्या: २०२२ ते २०२६ या काळाच्या केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये याच अटीवर ठेवले होते. ही मदत कुटुंबाला आहे, घरमालकाला नव्हे, त्यामुळे भाड्याने राहणाऱ्यांनीही नाव घालायला लावावे. त्या वर्षीच्या पुरासाठी राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून रक्कम वाढवते, तो वाचा. घरातला कर्ता पुरुष गेला असेल तर विधवा आणि अनाथांची नोंद वेगळ्या वहीत होते, १५ दिवसांत दाखला आणि ४५ दिवसांत मदत, असे राष्ट्रीय सूचनांत आहे.

पंचनामा वाचून दाखवायला सांगा, मगच सही. 'अंशतः पडझड' आणि 'पूर्ण पडझड' या दोन शब्दांत लाखभराचा फरक पडतो. मान्य नसेल तर सही करतानाच खाली 'हरकतीसह' लिहा आणि त्याच दिवशी तहसीलदारांकडे हरकत अर्ज देऊन पोच घ्या. नुकसान फुगवून मात्र सांगू नका. खोटा दावा केल्यास आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि एका घराचा खोटा पंचनामा उघडा पडला की सगळ्या गल्लीची फेरतपासणी लागते.